दारात उभा असलेला टेम्पो

एकपानी पत्रक लिहायला मला वीस मिनिटं लागतात. वर मथळा, शक्यतो प्रश्नचिन्ह असलेला. मग काय घडलं, कोणामुळे घडलं, आम्हाला काय हवंय. शेवटी मागण्या, आकडे टाकून, आणि खाली संघटनेचं नाव. पत्रकाखाली माणसाचं नाव कधी नसतं. त्याचा एक मोठा फायदा असतो, तो पुढे येईलच.

या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या कामातले अनुभव लिहा. दिवाळीत लोक निवांत वाचतात, हलकंफुलकंही चालेल. फक्त पत्रक नको." मी हो म्हटलं. हलकंफुलकं म्हणता येईल असं माझ्याकडे एकच आहे, ते आधी देऊन टाकते.

पण त्याआधी काम काय ते सांगायला हवं. पनवेल-उरण पट्ट्यात ज्या बायका दवाखान्यात पोचण्याआधीच बाळंत होतात, त्यांच्या नोंदी मी ठेवते. रिक्षात, टेम्पोत, पुलाखाली, पेट्रोलपंपावर. एक बाई खारघरच्या टॉवरमध्ये लिफ्टमध्ये बाळंत झाली, चौदाव्या मजल्यावरून खाली येताना. तेव्हा हा फक्त खेड्यापाड्यांचा प्रश्न आहे असं समजून पान उलटू नका. मीही त्याच खारघरमधली आहे.

असं बाळ दवाखान्यात आलं की केसपेपरवर 'आणण्यापूर्वी जन्म' असं लिहितात आणि विषय संपतो. आमचं काम तिथे सुरू होतं. वॉर्डात त्या बाईच्या शेजारी स्टूल घेऊन बसायचं आणि चार वेळा विचारायच्या. कळा किती वाजता सुरू झाल्या? ॲम्ब्युलन्सला फोन किती वाजता? गाडी किती वाजता आली? बाळ किती वाजता? बाईच्या डोळ्यातल्या पाण्याशी अधिकारी वाद घालू शकतो, 'भावनिक होऊ नका' म्हणू शकतो. एक दहाचा फोन आणि तीन वीसची गाडी, याच्याशी त्याला वाद घालता येत नाही. हे मला पहिल्या महिन्यातच कळलं आणि त्याचा मला गर्व होता.

आता ते हलकंफुलकं. एक बाळ उड्डाणपुलाखाली रिक्षात झालं. दवाखाना म्हणाला, आमच्याकडे जन्म नाही, आम्ही दाखला देणार नाही. मग मी, बाळाचा बाप आणि तो रिक्षावाला असे तिघं नोंदणीच्या खिडकीवर गेलो.

"जन्मस्थळ?" क्लार्कने विचारलं.

"रिक्षा," रिक्षावाला म्हणाला.

"रिक्षा हे ठिकाण नाही."

"मग मी वीस वर्षं कुठं बसलोय, साहेब?"

"अहो, रिक्षा उभी कुठे होती? पुलाच्या अलीकडे की पलीकडे? अलीकडची हद्द आमची, पलीकडची ग्रामपंचायतीची."

"पुलाच्या बरोबर खाली होती."

"मीटर टाकला होता का? त्यावरून अंतर काढता येईल."

रिक्षावाल्याने माझ्याकडे बघितलं, मग क्लार्ककडे. "साहेब, पनवेलात मीटर कोण टाकतं?"

दाखला मिळाला. त्यासाठी पाच फेऱ्या झाल्या. रिक्षावाला एकही फेरी चुकला नाही आणि धंदा बुडतोय म्हणून कुरकुरलाही नाही. असली माणसं भेटतात म्हणून हे काम सुटत नाही.

हलकं संपलं.

वाटेत बाळ होणं म्हणजे सिनेमातल्यासारखं किंकाळी, मग रडणं, मग पेढे असं लोकांना वाटतं. बाळ येतं हो, बहुतेकदा आपलं आपण येतं. धोका त्याच्या नंतरच्या तासात असतो. बाळ ओलं असतं, गार पडत जातं. कोणीतरी हाताला लागेल त्या ब्लेडने नाळ कापायला धावतं. आणि आईचं रक्त थांबत नाही. वाहत्या रक्ताला फोनवरून काही सांगता येत नाही. त्याला दवाखानाच लागतो, आणि तो वेळेत लागतो.

म्हणून गाडी हवी होती. जासईच्या बाजूच्या गावांसाठी एक ॲम्ब्युलन्स कायमची नाक्यावर उभी राहावी, ही आमची मागणी. तिच्यासाठी आरोग्य अधिकाऱ्यांना भेटलो तेव्हा त्यांनी एक वही उघडून माझ्यासमोर सरकवली.

"मॅडम, तुमच्या त्या गावांमधून फोनच येत नाहीत. मागणीच नाही तिथे गाडी उभी करून डिझेल जाळू का?"

फोन येत नव्हते हे खरं होतं. गाडी येत नाही हे लोकांना ठाऊक होतं, म्हणून ते फोन न करता मिळेल त्या वाहनाने जायचे. लोक जायचे म्हणून फोन नाही, फोन नाही म्हणून गाडी नाही. मला चीड आली. त्या चिडीत मी घरी येऊन पत्रक लिहिलं. वीस मिनिटं.

'भगिनींनो, गाडी का येत नाही? कारण आपण तिला बोलावतच नाही! कळा सुरू होताच आधी फोन. खासगी वाहनाने जाऊ नका. गाडीची वाट बघा. उशीर झाला तर त्याची नोंद होऊ द्या. आज तुम्ही थांबलात, तर उद्या सगळ्यांची गाडी येईल.'

पुन्हा वाचा. मी गेली दोन वर्षं वाचतेय. 'उशीर झाला तर त्याची नोंद होऊ द्या.' कळा देणाऱ्या बाईला मी हे सांगत होते. संघटनेत सगळ्यांनी वाहवा केली, एकानेही विचारलं नाही की थांबायचं म्हणजे किती. मीही स्वतःला विचारलं नाही.

यापुढे जी नावं येतात ती बदललेली नाहीत. बदलली असती तर हे लिहिण्याचा काही उपयोग नव्हता.

जासईच्या पुढच्या गावात हिराबाई राहतात. गावाच्या दोन्ही अंगांना कंटेनरची यार्डं, मध्ये एक रस्ता. हिराबाईंनी उमेदीत मिठागरात काम केलं, आता पायाच्या भेगा दाखवून म्हणतात, "मीठ अजून निघंल यातून." त्यांना दोन मुलगे. थोरला नरेश यार्डात कामाला. गेटवर मोबाईल जमा केल्याशिवाय त्याला आत सोडत नाहीत. धाकटा हरेश, स्वतःचा टेम्पो चालवतो, सकाळी मासळी आणि दुपारी किराणा. नरेशची बायको दर्शना. तेव्हा वय बावीस, पहिलटकरीण. माझं पत्रक त्यांच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं. मीच चिकटवलं होतं.

गाडीच्या मागणीवरची जनसुनावणी आठवड्यावर आली होती. मी पनवेलला झेरॉक्सच्या दुकानात निवेदनाच्या प्रती काढत होते. पावणेदोन वाजले असतील. हिराबाईंचा फोन आला.

"तेजल बाय, दर्शनाला कळा हायेत गो. सकालपासून बारीक व्हत्या, आता जोर केलाय. गाडीला फोन लावला, ते बोलतात पाऊण तास लागंल. हरेश टेम्पो लावून दारात उभा हाय. गादी टाकली मागं. जाऊ का घेऊन?"

मी विचारलं, "फोनचा नंबर दिला का त्यांनी? नोंदीचा?"

"दिला. भिंतीवर खडूनं लिवलाय."

"मग थांबा."

हरेशने आईच्या हातातून फोन घेतला. "ताई, आता सुटलो तं रस्ता मोकला हाय. दोन वाजले का यार्डाचं गेट उघडतं, ट्रेलर सुटतात. मंग रस्ता गावत नाय कोनाला. तुमची गाडी पन अडकंल."

त्याला रस्ता माहीत होता. रोज तोच रस्ता तो चालवायचा. मला पत्रक माहीत होतं. मी म्हटलं, "दादा, एका घराचा विचार करायचा की सगळ्या गावांचा?"

त्याच्या मागे टेम्पोच्या इंजिनचा आवाज येत होता.

"तुमी बोलताव तसं," तो म्हणाला. मग इंजिन बंद झालेलं मला फोनमधून ऐकू आलं.

आणि याच्यापुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. निवेदनाला जोडलेल्या वेळांच्या तक्त्यात शेवटची ओळ रिकामी होती. मी दुकानदाराला म्हटलं, "जरा थांबा. हे पान आत्ता काढू नका, बहुतेक आज एक ओळ वाढेल."

गाडी निघाली होती, पण दोननंतर ट्रेलरच्या रांगेत अडकली. तिच्या ड्रायव्हरचा काही दोष नव्हता. तीनला दहा कमी असताना हरेशने कोणालाच न विचारता दर्शनाला उचलून टेम्पोत ठेवलं. तोवर गावाबाहेरचा रस्ता ट्रेलरनी भरला होता. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, मध्ये टेम्पो. तिथेच बाळ झालं. दोन ट्रेलरवाले खाली उतरले, त्यांनी ताडपत्रीचा आडोसा धरला आणि स्वतः तोंडं फिरवून उभे राहिले. हिराबाईंनी बाळाला लुगड्याच्या पदरात घेऊन आपल्या पोटाशी धरलं. मुलगी. हरेश खाली उतरून एकेका ट्रेलरच्या काचेवर हात आपटत रस्ता मागत सुटला. दवाखान्यात पोचायला चार वाजून गेले.

मुलगी बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. वाचली. दर्शनाचं रक्त थांबेना. शेवटी तिची गर्भपिशवी काढावी लागली.

मी वॉर्डात गेले, स्टूल घेतलं आणि चार वेळा विचारल्या. हो, विचारल्या. दर्शनाने डोळे मिटूनच सांगितल्या. तक्त्यातली शेवटची ओळ भरली. त्या तक्त्यात 'थांबा' असं कोणी आणि किती वाजता सांगितलं, याचा रकाना नाही. तक्ता मीच आखलेला आहे.

मनातल्या मनात मात्र मी एक हिशेब मांडला होता आणि तो पुष्कळदा मांडत आले. मला फोन पावणेदोनला आला. गावातून हायवेला लागायला वीस मिनिटं. म्हणजे तेव्हा 'निघा' म्हटलं असतं तरी दोन वाजून गेलेच असते, ट्रेलर आडवे आलेच असते. काय फरक पडला असता? या हिशेबावर मी झोपत होते.

सुनावणी पनवेलच्या एका सभागृहात झाली. हिराबाई व्यासपीठावर, मी त्यांच्यासमोर माइक धरलेला. सगळं सांगून झाल्यावर अधिकाऱ्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "टेम्पो तर घरचाच होता ना तुमचा? दारात उभा होता असं तुम्हीच म्हणता. मग तास-दीड तास नेलं का नाही?"

हिराबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी माइककडे बघितलं. मला एवढंच म्हणायचं होतं, 'कारण मी थांबा म्हटलं.' तीन-चार शब्द. भाषणात मी तासभर न थांबता बोलू शकते.

मागच्या रांगेतून हरेश उठला. "साहेब, मीच नाय दिला टेम्पो. माझं भाडं यायचं व्हतं. गाडी मोकली ठेवली व्हती त्याच्यासाठी."

सभागृहात कोणीतरी 'अरेरे' म्हटलं. एक बाई मोठ्याने म्हणाली, "सख्ख्या भावजयीला? लाज नाय वाटली रं?" अधिकाऱ्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि म्हणाले, "म्हणजे ॲम्ब्युलन्सशिवाय या लोकांना पर्याय नव्हता." आमची बाजू भक्कम झाली. मी हिराबाईंसमोरचा माइक काढून पुढच्या बाईंसमोर धरला.

गाडी मिळाली. नाक्यावर उभी असते, बायका तिच्यातून वेळेत दवाखान्यात जातात. मी पत्रक काढलं: 'लढ्याला यश!' वीस मिनिटं.

आणि हरेश? बाजारात टेम्पो लावला की लोक विचारतात, "काय रं हरेश, मोकला हाय का भाडं यायचंय?" पोरंटोरंसुद्धा म्हणतात. लग्नाची दोन स्थळं बोलणी होऊन फिरली. त्यातल्या एका मुलीच्या मामाने तोंडावर सांगितलं, "घरच्या बाईला गाडी नाय दिली, तो आमच्या पोरीला काय देनार?" घरात चौघांना खरं माहीत होतं. हरेशने सगळ्यांना शपथ घातली होती, कारण खरं बाहेर आलं तर केस खोटी ठरेल आणि नाक्यावरची गाडी काढून नेतील, असं त्याला वाटत होतं.

हे वाटणं चूक आहे, असं मी त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. माझीही सोय होती त्यात.

मी एकदाच धीर करून विचारलं होतं. मुलीच्या बारशाला गेले होते, तो अंगणात चहाचे कप गोळा करत होता. "हरेशदादा, का बोललात तसं?"

त्याने माझ्या हातातला कप घेतला. टोमणा मारायचा म्हणून नव्हे, अगदी सरळ म्हणाला, "एका घराचा विचार करायचा का सगल्या गावांचा, तुमीच बोल्ला व्हता ना, ताई."

मी घरी आले. त्यानंतर त्या गावात जायचं असलं की मी दुसऱ्या कार्यकर्त्याला पाठवायला लागले.

यंदा श्रावण संपता संपता हिराबाईंचा फोन आला. करंजाडेहून तिसरं स्थळ आलं होतं. मुलगी पसंत, हरेश पसंत, आणि मुलीचा बाप रविवारी गावात येऊन चौकशी करणार होता.

"गावात विचारलं का लोक तेच सांगतील गो," हिराबाई म्हणाल्या. "मी बोलले तं आय बोलते, कोन ऐकतं? तुजी पत्रकं सगले वाचतात. दाराला लावतात. एक पत्रक हरेशचं काड."

"हरेशची शपथ?"

"शपथ मना घातली हाय. तुला नाय."

संघटनेत सांगितलं. एक ज्येष्ठ म्हणाले, "तेजल, भावनेच्या भरात चळवळीचं नुकसान करू नकोस. लोकांचा विश्वास उडेल." मी म्हटलं, उडू दे, खोटा होता तेवढा तरी उडू दे. त्यांनी संघटनेचं नाव वापरायला मनाई केली. बरंच झालं. मी म्हटलं होतं ना, पत्रकाखाली माणसाचं नाव नसण्याचा एक फायदा असतो. तो फायदा मी पुरेपूर घेतला होता.

वीस मिनिटांत लिहिणारी मी, चार दिवस बसले. पहिला मसुदा 'आरोग्यव्यवस्थेच्या अनास्थेमुळे' असा सुरू झाला. फाडला. दुसऱ्यात 'कार्यकर्त्यांकडून झालेल्या काही त्रुटींमुळे' असं आलं. कोण हे कार्यकर्ते? कसल्या त्रुटी? दुसऱ्या कोणी असं लिहिलं असतं तर मी चौकात उभी राहून वाचून दाखवलं असतं. तोही फाडला. तिसरा मसुदा अर्ध्या पानाचा होता. शनिवारी दुपारी तो घेऊन गावात गेले.

हरेश टेम्पो धूत होता. ती मुलगी, ओवी तिचं नाव, टेम्पोच्या मागच्या फाळक्याला धरून वर चढायचा प्रयत्न करत होती आणि तो दर वेळी तिला ओल्या हाताने खाली उतरवत होता. दर्शना ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने मला बघितलं, 'या' म्हणाली, आणि पुन्हा खाली बघून निवडायला लागली. हिराबाई म्हणाल्या, "वाच. सगल्यांसमोर वाच."

मी वाचलं.

'दोन वर्षांपूर्वी दर्शनाच्या बाळंतपणाच्या वेळी हरेशने टेम्पो दिला नाही, असं गावात बोललं जातं. ते खोटं आहे. टेम्पो दारात उभा होता, मागे गादी घातलेली होती, इंजिन चालू होतं. पावणेदोन वाजता मला फोन आला. हरेशने मला सांगितलं की दोननंतर रस्ता मिळणार नाही. नोंद व्हावी म्हणून मी त्यांना थांबायला सांगितलं. माझं ऐकून ते थांबले. भाडं यायचं होतं असं हरेश सुनावणीत म्हणाला, तेव्हा मी तिथे होते आणि गप्प राहिले. दर्शनाचं जे नुकसान झालं ते माझ्या सांगण्यामुळे झालं. तेजल.'

मागण्या नव्हत्या. त्यामुळे पान कसं संपवायचं ते मला कळलं नव्हतं, ते तसंच संपलं.

हरेशने नळ बंद केला. "आता गाडी काडून नेतील ना, ताई?"

मी तोंड उघडायच्या आत हिराबाई म्हणाल्या, "नेऊ दे. दुसरी आनंल ती भांडून. तिला येतं ते."

दर्शनाने तांदळातला एक खडा अंगणात टाकला. तिने मला माफ केलं की नाही हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि ते विचारायचा मला हक्कही नाही.

हरेश फडक्याने हात पुसत जवळ आला. कागद माझ्या हातातून घेतला, ओठ हलवत सावकाश वाचला. मग एका जागी बोट ठेवलं.

"पावनेदोन नाय, ताई. दीड."

"काय?"

"दीड वाजता लावला व्हता फोन. मी घड्याल बघूनच बोल्लो व्हतो तुमाला, अर्दा तास हाय, दोनच्या आत हायवेला लागतो. आरामात लागलो असतो."

मी जगाला वेळा विचारत हिंडते. स्वतःच्या फोनमधली ती एक वेळ मी तेव्हा बघितली नव्हती, आणि नंतर तो फोनही बदलला. 'अर्धा तास आहे' हे त्याचे शब्द होते. ते ऐकताच मला आठवले, जसेच्या तसे. ही दोन वर्षं ते कुठे गेले होते?

"पेन हाय का?" हरेशने विचारलं.

टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवला. पत्रा अजून ओला होता, कागदाचा कोपरा भिजला. 'पावणेदोन' खोडलं, वर 'दीड' लिहिलं, आणि पनवेलला झेरॉक्सच्या दुकानात गेले.